शिरूर-दौंड परिसरातील वैद्यकीय शिक्षण आणि ग्रामसेवा

भावी डॉक्टराने 'सामाजिक वैद्य' व्हावे, अशी अपेक्षा भोर समितीने १९४६ साली व्यक्त केली; पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय शाळेचे महाविद्यालय झाले तेही त्याच वर्षी. तथापि विद्यार्थी खेड्याकडे वळावेत म्हणून रीतसर योजना आली ती श्रीवास्तव समितीच्या अहवालानंतर, १९७७ मध्ये. त्याच सुमारास के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे (संभाजी महाराजांच्या समाधीचे हे गाव) गावातीलच माणसांना आरोग्यसेवक करण्याचा उपक्रम उभा केला.

बै. जी. महाविद्यालयाचे ग्रामीण प्रशिक्षण केंद्र शिरूरला आहे. अशा ठिकाणी आंतरवासी विद्यार्थ्याची पहिली परीक्षा भाषेची असते. 'अंगावर जातं' एवढेच बाई म्हणते. काय जाते, हे क्रियापद सांगत नाही आणि संकोचामुळे तीही सांगत नाही. नवख्याच्या हातून नोंद होते ती 'अशक्तपणा' अशी.

हंगामात दौंडकडील ऊसपट्ट्यात येणाऱ्या तोडणी टोळ्यांची अडचण मात्र भाषेपुरती नाही. दवाखान्याची वेळ गाठावी तर खाडा पडतो, आणि मुकादमाची उचल तर फिटावयाची असते. लसीची नोंद मूळ गावच्या वहीत, मूल येथे कोपीत.