वीस मिनिटं आणि बहात्तर तास

'स्ट्रेंज सिच्युएशन' आपण साधारण अशी शिकतो: वर्षाचं बाळ, अनोळखी खोली, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. ती परतल्यावर बाळ कसं वागतं, यावरून तीन गट पाडायचे. वीसेक मिनिटांचा प्रयोग, मेरी एन्सवर्थ यांचं नाव, पाच मार्कं मिळाली.

गाळलं जातं ते त्याआधीचं काम. १९५४-५५ मध्ये एन्सवर्थ युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि बाळं पाहत होत्या. पुढे अमेरिकेत, बाल्टिमोरमध्ये, त्यांनी २६ कुटुंबं निवडली. बाळाच्या पहिल्या वर्षात दर तीन आठवड्यांनी निरीक्षक घरी जाऊन चार-चार तास बसायचे. एका घरामागे जवळजवळ ७२ तास! बाळ रडलं तर आई किती वेळात उचलते, भरवताना त्याच्या कलाने घेते का, असल्या बारीकसारीक नोंदी. प्रयोगशाळेतली ती वीस मिनिटं या नोंदींशी ताडून पाहिली, म्हणून त्यांना अर्थ आला.

आता आकडे बघा. १९७८ च्या पुस्तकात १०६ बाळं आहेत आणि सगळे तोच आकडा सांगतात. पण घरी वर्षभर पाहून मग प्रयोगात आलेली बाळं फक्त २३. त्यांत १३ सुरक्षित, ६ टाळणारी आणि ४ चिडून बिलगणारी. म्हणजे 'आईच्या अमुक वागण्याने बाळ तिसऱ्या गटात जातं' हे विधान मुळात चार बाळांवर उभं होतं. तीही गोऱ्या, मध्यमवर्गीय घरांतली.

१९९७ मध्ये डी वोल्फ आणि व्हॅन आयझेनडोर्न यांनी ६६ अभ्यास एकत्र तपासले. आईची संवेदनशीलता आणि बाळाची सुरक्षितता यांचा सहसंबंध निघाला ०.२४. वर्ग करा, जेमतेम सहा टक्के. बाल्टिमोरमधला संबंध याहून खूपच घट्ट होता.

मग एन्सवर्थ चुकल्या? मला तसं वाटत नाही. लहान नमुन्यात संबंध फुगून दिसतो, हे खरंच. पण नंतरच्या अनेकांनी वीस मिनिटांचा प्रयोग तेवढा उचलला आणि बहात्तर तास सोडून दिले. तासाभराच्या भेटीत आईची संवेदनशीलता ओबडधोबडच मोजली जाणार, आणि माप ओबडधोबड असलं की सहसंबंध आपोआप खाली येतो. ०.२४ मध्ये यातलं काय किती मिसळलंय, ते एका आकड्यावरून सुटं करता येत नाही. त्यामुळे अशा विषयावरचा पेपर हातात आला की मी निष्कर्षाआधी 'पद्धती' उघडते आणि शोधते: किती वेळ पाहिलं, आणि कुठे बसून?