खिशातला आखाडा : डिम्प्सची पंचवीस वर्षं

तेलीबांधा स्टेशनवरून धमतरीला जाणारी छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती किती हलायची हे सांगायला नको. अडीच फुटी रूळ, उघड्या खिडक्या, आणि मे महिन्याचं रायपूरचं ऊन. मामेभावाच्या पीएसपीचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्राचा, पडदा त्या उन्हात दिसतच नसे, म्हणून आम्ही दोघं एकाच गमछ्यात डोकी खुपसून बसायचो. डबा हिंदकळला की अंगठा सटकायचा आणि 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू नेमका मार खायचा. यंत्र एकच, त्यामुळे हरेल त्याने ते सोडायचं असा नियम. कार्टून नेटवर्कवर हिंदीत बोलणारा गोकू घरच्यासारखा झालेला होता. तो आता हातात आला होता, आणि आपण सांगू तसा लढत होता.

खेळाचं नाव 'ड्रॅगन बॉल झेड : शिन बुदोकाई'. बुदोकाई म्हणजे युद्धकलांचा सामना, आपल्याकडचा कुस्त्यांचा फडच म्हणा ना. वेष्टनावर नाव अमेरिकेत अटारीचं, जपानमध्ये बंदाईचं. ज्यांनी तो प्रत्यक्ष घडवला, त्यांचं नाव मला खेळ संपल्यावरच्या नामावलीत सापडलं : डिम्प्स. त्या नावाचा पाठपुरावा मी तेव्हापासून केला, आणि या कारागिरांबद्दल मराठीत कुणीतरी लिहावं असं फार दिवस वाटत होतं.

मार्च 2000 मध्ये ओसाका भागात ही कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला छत्तीसगड झालं आणि आमचं रायपूर राजधानी बनलं. त्यामुळे डिम्प्सचं वय मला कधी मोजावं लागत नाही.

संस्थापक ताकाशी निशियामा हे तेव्हाच मुरलेले गडी होते. इरेम या खेळकंपनीत असताना त्यांनी 1984 मध्ये 'कुंग-फू मास्टर' केला. पुढे कॅपकॉममध्ये हिरोशी मात्सुमोतोंच्या जोडीने 1987 चा पहिला 'स्ट्रीट फायटर'. त्या खेळाच्या एका मोठ्या यंत्राला नेहमीची बटणं नव्हती. दोन जाड गाद्या होत्या. जितक्या जोराने त्यांवर ठोसा हाणाल, तितका पडद्यावरचा फटका जबर. ठोसे हाणून हात दुखायचे, यंत्रंही झिजायची. मग सहा बटणांची मांडणी आली आणि लढतींच्या कित्येक खेळांनी तीच उचलली. ज्या माणसाने सुरुवातीला अख्ख्या दंडाची ताकद मागितली, त्याच माणसाच्या चमूने वीस वर्षांनी सगळी लढत दोन अंगठ्यांवर आणून ठेवली. मला या वाटचालीतला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो.

कॅपकॉमनंतर निशियामा एसएनकेत गेले. 1991 चा 'फेटल फ्युरी' तिथला. एसएनकेने 'निओ जिओ पॉकेट' नावाचं हातातलं यंत्रही काढलं होतं. पण कंपनीची घडी विस्कटत गेली, 2001 मध्ये तिचं दिवाळं निघालं. निशियामा त्याआधीच बाहेर पडले होते.

नव्या कंपनीचं पहिलं नाव झालं ते लढतीच्या खेळाने नव्हे, पळणाऱ्या हेजहॉगने. 2001 मध्ये सेगाच्या सोनिक टीमबरोबर त्यांनी गेम बॉय अॅडव्हान्ससाठी 'सोनिक अॅडव्हान्स' केला. तो पडदा 240 गुणिले 160 ठिपक्यांचा. एवढ्याशा जागेत भरधाव धावणारा सोनिक दाखवायचा, तर पुढचा खड्डा खेळणाऱ्याला वेळेत दिसायला हवा. काय दाखवायचं यापेक्षा काय वगळायचं हे तिथे आधी ठरवावं लागतं. पुढे अॅडव्हान्सचे आणखी दोन भाग आणि 2005 मध्ये निन्टेन्डो डीएसवर 'सोनिक रश' झाला. छोट्या पडद्यावर त्यांचा हात असा बसत गेला.

दुसरीकडे 2002 पासून प्लेस्टेशन 2 वर 'बुदोकाई' मालिका सुरू झाली होती. दुसऱ्या भागापासून तिची चित्रं 'ड्रॅगन बॉल'चे मूळ चित्रकथाकार अकिरा तोरियामा यांच्या रेषेसारखी दिसू लागली. काळी बाह्यरेषा, आत सपाट रंग. 2004 च्या तिसऱ्या भागात हे सगळं जमून आलं.

या दोन वाटा 2006 मध्ये 'शिन बुदोकाई'त येऊन मिळाल्या. पीएसपीचा पडदा 4.3 इंचांचा, तबकडी जेमतेम 6 सेंटीमीटरची. दिवाणखान्यातल्या खेळातला पसारा त्यांनी कमी केला. लढत बाजूने दिसते, दोन्ही लढवय्ये पडद्यावर ठळक राहतात, डाव मोजके. शक्तीची पट्टी मात्र सांभाळून खर्चावी लागते. ती उधळली की शत्रूच्या पाठीमागे अचानक प्रकटायची सोय जाते, आणि समोरचा तेवढीच वाट बघत असतो. कथानक जानेम्बा या खलनायकाच्या 1995 च्या चित्रपटावरून घेतलेलं. एखादी लढत हरलात तरी गोष्ट वेगळ्या फाट्याने पुढे जाते. आम्ही दोघं काही फाट्यांसाठी मुद्दाम हरायचो. पुढच्याच वर्षी 'अनदर रोड' आला, त्यात भविष्यातल्या ट्रंक्सची नवी गोष्ट रचली होती. तबकडी फिरताना यंत्राच्या पाठीला येणारी ती बारीक घरघर बोटांना कळायची, आणि ती थांबली की आता लढत सुरू होणार हेही कळायचं.

याच सुमारास इतरही या फडात उतरले होते. आर्क सिस्टम वर्क्सने केव्हियाबरोबर 2004 मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर 'सुपरसॉनिक वॉरियर्स' केला. त्यात लढवय्ये मोकळे उडतात, ती मजा निराळीच. स्पाइकचा 2010 चा 'तेनकाइची टॅग टीम' दोघांविरुद्ध दोघांचा. तरी दोन स्टेशनांच्या मध्ये एक कुस्ती पुरी व्हावी, तर मी 'शिन बुदोकाई'च काढीन.

2008 मध्ये डिम्प्सला कॅपकॉमबरोबर 'स्ट्रीट फायटर 4' करायला मिळाला. निशियामांनी सोडलेलं घर, त्यांनीच रचलेला पहिला खेळ, आणि एकवीस वर्षांनी त्याचं नवं रूप त्यांच्याच कंपनीच्या हातात. वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. मधे 2009 चा 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'ही झाला. मूळ चित्रपटच चाहत्यांना रुचला नव्हता, त्यावरच्या खेळाचं फारसं काय होणार. 2010 पासून पत्ते ठेवून खेळायचा 'ड्रॅगन बॉल हीरोज' जपानच्या खेळघरांत रुजला आणि 2015 मध्ये 'झेनोव्हर्स' आला.

मार्च 2024 मध्ये तोरियामा गेले. छोटी गाडी त्याआधीच बंद झाली होती. रायपूरमधल्या तिच्या रुळांच्या जागी आता एक्सप्रेस-वे आहे.

'झेनोव्हर्स 2' निन्टेन्डो स्विचवर 2017 मध्येच उतरला, म्हणजे डिम्प्सचा गोकू पुन्हा हातात आला. गेल्या हिवाळ्यात मामेभावाचा मुलगा सुटीला आला होता. संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठावर, उंच तिरंग्याच्या खाली, तो स्विच घेऊन बसला. मी शेजारी टेकलो. त्याने मान वर न करताच विचारलं, "काका, हरला तो सोडणार ना?"