डोंगरावरचे शाळेचे घर

श्रोते हो, दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या मुरुम-उमरग्याकडच्या शाळांतून सहलीच्या गोष्टी निघू लागतात. कोणी नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल सुचवतो, कोणी तुळजापूरकडचा बालाघाट. जागा ठरते, खर्चाचा मेळ बसतो, आणि मग गुरुजींपुढे खरा प्रश्न उभा राहतो : पन्नास मुले रात्री निजणार कुठे? देवळाची ओवरी, धर्मशाळा, नाही तर त्या गावच्या शाळेचा वर्ग. शाळेने डोंगरात स्वतःचे घर बांधावे, ही कल्पना मूळची याच अडचणीतून निघाली. तिचा इतिहास आज सांगायचा आहे, आणि तो एका मास्तराचा इतिहास आहे.

रिचर्ड शिरमान हे त्यांचे नाव. जन्म १८७४ सालचा. जर्मनीतील आल्टेना या डोंगराळ गावी ते शाळामास्तर होते. पुस्तकातला डोंगर दाखवण्यापेक्षा खरा डोंगर दाखवावा, म्हणून मुलांना घेऊन ते दिवसचे दिवस पायी हिंडत. १९०९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका पायी सहलीत, ब्रोल नदीच्या खोऱ्यात, त्यांना वादळाने गाठले. एका खेड्यातली शाळा सुट्टीमुळे रिकामी होती. तिथल्या मास्तरांनी बाके बाजूला सारून वर्ग मोकळे करून दिले, एका शेतकऱ्याने पेंढा दिला. मुले गाढ झोपली. शिरमान गुरुजी मात्र विजांच्या कडकडाटात जागेच होते, आणि त्या जागरणात त्यांना सुचले : सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्या पडतात, मग त्यांचे वर्ग वाटेवरच्या मुलांना का देऊ नयेत? एका दिवसात चालून जाता येईल, इतक्या अंतरावर असे एकेक मुक्कामाचे घर का नसावे?

आधी त्यांनी आल्टेनातल्या शाळेच्या वर्गातच ही सोय केली. पुढे, पहिल्या महायुद्धापूर्वी, गावावरच्या टेकडीवरील जुन्या किल्ल्यात कायमचे वसतिगृह सुरू झाले. एकावर एक रचलेल्या भक्कम लाकडी खाटांच्या तिथल्या जुन्या खोल्या आजही जपून ठेवल्या आहेत. महायुद्धानंतर जर्मनीतल्या कितीतरी शहरी शाळांनी डोंगरात, रानात स्वतःची घरे घेतली. ती चालवायला पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मंडळे काढली. १९३२ साली आम्स्टरडॅम येथे अशा वसतिगृहांचा आंतरराष्ट्रीय संघ झाला आणि शिरमान त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पण लवकरच नाझी राजवटीने जर्मनीतली वसतिगृहे ताब्यात घेतली आणि १९३६ साली शिरमान यांना ते पद सोडावे लागले. आपल्या देशात युवा वसतिगृहांची संघटना १९४९ साली स्थापन झाली.

आता मुख्य मुद्दा. ही घरे टिकली ती कशाच्या बळावर? पैसा लागतोच, पण नुसत्या पैशाने डोंगरावरचे घर टिकत नाही. वर्षातले कितीतरी महिने ते बंद असते. वारा पत्रा उचकटतो, वाळवी चौकट खाते, पन्हळीत पाला अडकून पाणी भिंतीत मुरते. पगारी रखवालदार एकटा किती पुरणार? म्हणून त्या घरांचा नियमच असा पडला की जो मुक्कामाला येईल त्याने झाडावे, भांडी घासावीत, घोंगड्या घडी करून ठेवाव्यात. देखरेख करणाऱ्या नवरा-बायकोला तिकडे वसतिगृहाचे आईबाप म्हणत. घर राखणे हा तिथल्या शिक्षणाचाच भाग होता.

आपल्याला हे परके वाटू नये. आपल्याकडची माळवदाची घरे अशीच राखली जात. मृग लागण्याआधी वर चढायचे, गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या आणि पांढऱ्या मातीचा थर चोपून बसवायचा. घरातली पोरेसोरेसुद्धा या कामाला असत.

पण याच माळवदाने आपल्याला एक कठोर धडाही दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांतली, आपल्याकडची सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा दिसले की वर्षानुवर्षे मातीवर माती चढत जाऊन माळवदे फार जड झाली होती. मातीत रचलेल्या जाड भिंतींत आरपार जाणारे लांब दगड नव्हते, त्यामुळे भिंतीचे आतले आणि बाहेरचे पदर सुटे झाले आणि वरचा भार खाली आला. नवा थर घालणारे हात होते, जुना थर उतरवायचे मात्र राहून गेले होते. डागडुजी म्हणजे नुसती भर घालणे नव्हे. काय काढायचे, कुठे भार वाढला आहे, हे पाहणे हीसुद्धा डागडुजीच.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेने उद्या बालाघाटात एखादी खोली उभारली, तर पहिल्या दिवशीच एक वही घाला. मृगाआधी कोणी छप्पर पाहिले, दिवाळीनंतर कोणी भिंतींच्या भेगा पाहिल्या, पाण्याची टाकी कधी धुतली, हे मुलांच्या हातून त्यात लिहून घ्या. भेग रुंदावली तर इंजिनियरला बोलवा, गिलावा करून ती झाकू नका.

आणि खोली उभारण्याची ऐपत नसेल तरी अडत नाही. आपल्या शाळेचा एक वर्ग सुट्टीत परगावच्या मुलांना द्या. सकाळी तो झाडून, बाके जागच्या जागी लावूनच त्यांनी पुढे जावे, एवढी अट घाला. शिरमान गुरुजींची सुरुवातही एका रिकाम्या वर्गातूनच झाली होती.