अक्षरांच्या सभेतील गैरहजर मतदार

ठाण्यात खोपट भागात, एसटीच्या आगारापासून थोड्याच अंतरावर, आमचे राहते घर आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना दरवर्षी दाराला लागते, आणि दरवर्षी गणपूर्तीअभावी ती सभा अर्धा तास तहकूब होते. अर्ध्या तासाने जे कोणी हजर असतील त्यांचीच सभा भरते, आणि त्यांनी केलेले ठराव पटावरील सर्व सभासदांना बंधनकारक होतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेपुढे प्रवेशद्वारावरील नव्या पाटीचा विषय होता. संस्थेच्या नावात ‘सिद्धी’ हा शब्द आहे. रंगाऱ्याने तो ‘सिध्दी’ असा रंगवून आणला होता. हजर असलेल्या अकरा सभासदांपैकी नऊ जणांनी पाटी आहे तशीच ठेवावी असे मत दिले व ठराव मंजूर झाला. प्रस्तुत लेखकाने सबंध आयुष्य मराठीच्या अध्यापनात घालविले आहे. परंतु तो त्या सभेस हजर नव्हता. सूचना वाचून त्याने ती टेबलावर ठेवून दिली होती.

शब्दाचे रूप बहुमताने ठरू शकते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे. ‘सिद्ध’ या शब्दात आधी द आणि मग ध, हा क्रम अकरा मतांनी उलटत नाही, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे. परंतु मराठी लेखनाच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले, तर आज आपण ज्यांना शुद्धलेखनाचे नियम म्हणतो त्यांपैकी पुष्कळसे कोणत्या ना कोणत्या सभेत, कोणाच्या ना कोणाच्या मताने ठरले आहेत, हे मान्य करावे लागते. तेव्हा खरा प्रश्न निराळा आहे. त्या सभेचे सभासद कोण होते, मत कोणाला होते, आणि त्या दिवशी हजर कोण होते?

प्रारंभी सभाच नव्हती. अव्वल इंग्रजीत मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या कोशाने व सरकारी शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांनी मराठीचे छापील रूप घडविले. मेजर थॉमस कँडी यांच्या नजरेखालून जे गेले तेच शुद्ध, असा तो काळ होता. स्वल्पविराम, अर्धविराम ही चिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. एका माणसाची समिती, एकच मत आणि हजेरी नेहमीच पूर्ण! अशा व्यवस्थेत निर्णय झटपट होतात, आणि विरोधकांना ‘आम्हाला विचारले नाही’ एवढेच म्हणता येते. दुसरीकडे अक्षरांचे वळण ठरविले ते ओतकामाच्या कारखान्यांनी. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने सुबक टाइप पाडला आणि देशभर तो ‘मुंबई वळणा’चा म्हणून पसरला. त्यासाठी कोठेही ठराव झाला नाही.

विसाव्या शतकात मात्र सुधारकांना घाई झाली. टंकलेखनयंत्र आले, छापखान्यातील खिळ्यांची संख्या डोईजड झाली, आणि नागरी लिपी सुटसुटीत करावी असे सर्वांनाच वाटू लागले. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ केली. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे टाकून अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी त्यांनी पुरस्कारिली. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती अनेक वर्षे छापली. १९३५ साली इंदूर येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाने लिपिसुधारणेसाठी समिती नेमली. तिचे धुरीणत्व काकासाहेब कालेलकरांकडे, म्हणजे एका महाराष्ट्रीयाकडेच होते. तेथेही ‘अ’ची बाराखडी पुढे आली. एवढी मोठी माणसे, एवढा तर्कशुद्ध विचार; आणि तरीही ती बाराखडी टिकली नाही. आज एखाद्या जुन्या अंकात ‘अितिहास’ हा शब्द दिसला की वाचक क्षणभर थांबतो, एवढाच तिचा अवशेष उरला आहे.

यापुढचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. १९५३ च्या नोव्हेंबरात लखनौ येथे लिपिसुधार परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. राधाकृष्णन होते, राज्यांचे मंत्री होते, विद्वान होते. अधिकाराच्या दृष्टीने याहून वजनदार सभा मिळणे कठीण. त्या परिषदेने ‘अ’ची बाराखडी नाकारली, पण दुसरा एक धाडसी निर्णय घेतला. उच्चारात व्यंजन आधी आणि इकार नंतर असताना लेखनात पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे का द्यावी? म्हणून ती उजवीकडे न्यावी, आणि दुसऱ्या वेलांटीशी घोटाळा होऊ नये म्हणून तिची उभी रेघ तोकडी करावी, असे ठरले. तर्काला यात खोट काढता येत नाही. पण पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलाला आणि घाईने पत्र लिहिणाऱ्या माणसाला रेघेची ती अर्धी लांबी सांभाळणे कसे जमावे? हात जरा पुढे सरकला की ‘दिन’चा ‘दीन’ होणार! चार वर्षांत, १९५७ साली, परिषदेचा हा निर्णय मागे घ्यावा लागला आणि वेलांटी आपल्या जुन्या जागी परत आली.

येथे कोणाचा पराभव झाला? सभेत ज्याला आसन नव्हते, ज्याचे नाव कोणत्याही यादीत नव्हते, त्या लिहिणाऱ्या हाताने आपले मत सभा संपल्यानंतर दिले. लेखनाच्या नियमांबाबत गैरहजर सभासदाचे मत बुडत नाही, ते केवळ उशिरा पडते. आणि उशिरा पडलेले हे मत बहुधा निर्णायक असते.

मराठीने यापासून काही शिकावे, असा योग लवकरच आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी आमच्या ठाण्यात रा. श्री. जोग यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. पुढील वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची स्थापना झाली. महामंडळाची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), नागपूरचा विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) आणि मराठवाडा साहित्य परिषद (१९४३) या चार संस्था तिच्या घटक झाल्या. सभासदत्व व्यक्तीला नसून संस्थेला, आणि महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी फिरते. त्यामुळे लेखनाचे नियम म्हणजे पुण्याची मिरास, ही जुनी तक्रार निदान घटनेपुरती मिटली. बृहन्महाराष्ट्रातील हैदराबाद, भोपाळ, बिलासपूर येथील संस्थांनाही पुढे स्थान मिळाले.

या महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. १९७२ साली आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘घरांत’ राहणारी माणसे ‘घरात’ राहू लागली. ‘कवि’ आणि ‘गुरु’ यांचे अंत्याक्षर दीर्घ होऊन ‘कवी’ आणि ‘गुरू’ झाले, पण ‘कविराज’ मात्र ऱ्हस्वच राहिला. हे नियम टिकले. हा लेखही त्यांनाच अनुसरून छापलेला आहे. ते टिकण्याचे एक कारण असे की, अनुस्वार गाळण्याकडे लिहिणाऱ्या हाताचा कल आधीपासूनच होता; सभेने त्या मतावर केवळ शिक्का मारला. जेथे असा कल नव्हता, तेथे भांडण अद्याप चालू आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या नियमांवर सत्त्वशीला सामंतांनी आयुष्यभर आक्षेप घेतले. उलट ठाण्यातच दीर्घकाळ काम केलेल्या अरुण फडके यांनी नियम सर्वांच्या खिशात मावतील अशा पुस्तिका करून लोकांच्या हाती दिल्या. फडके २०२० साली निवर्तले. एकाने नियमांची चिकित्सा केली, दुसऱ्याने प्रसार. परंतु दोघांनीही गैरहजर राहणे पत्करले नाही, हे महत्त्वाचे.

इतर देशांतील तांत्रिक मानके ठरविणाऱ्या मंडळांनी हाच प्रश्न कसा सोडविला आहे, हे पाहण्यासारखे आहे. १९४७ पासून काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत मसुदा मंजूर व्हावयाचा तर सहभागी सभासदांची दोन तृतीयांश मते अनुकूल हवीत, आणि एकूण मतांच्या एक चतुर्थांशाहून अधिक मते प्रतिकूल नसावीत. शिवाय विरुद्ध मताला तांत्रिक कारण जोडावे लागते. नुसता ‘नाही’ मोजला जात नाही. बिनतारी जाळ्यांचे मानक ठरविणाऱ्या अभियंत्यांच्या समितीत मताचा हक्क वर्गणीने मिळत नाही, हजेरीने मिळतो. ठराविक बैठकांना येत राहावे तेव्हा मत प्राप्त होते, येणे थांबले की ते जाते. आणि तांत्रिक ठरावाला पाऊणशे टक्के मते लागतात. आमच्या गृहसंस्थेच्या अर्ध्या तासाच्या गणपूर्तीशी याची तुलना वाचकांनीच करावी.

मात्र ही शिस्तही निर्दोष नाही. हजेरीला मत दिले की ज्याच्यापाशी प्रवासाचा पैसा व कामातून सवड आहे त्याचेच मत मोठे होते. याचा अनुभव मराठीला एका अक्षराच्या निमित्ताने आला. संगणकांच्या जगात सर्व लिप्यांची सामाईक वर्णसारणी युनिकोड या नावाने १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या मंडळात पूर्ण सभासदाला एक मत, वैयक्तिक सभासदाला मत नाही, अशी वर्गवारी आहे. त्या सारणीत ‘ए’वर चंद्र देऊन होणारे ऍ हे अक्षर होते, पण मराठी माणूस जे लिहितो ते ‘अ’वरील चंद्राचे ॲ हे स्वतंत्र अक्षर नव्हते. ते तेथे पोचले २००८ साली. पुढील वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्राने आपली प्रमाण वर्णमालाही नव्याने जाहीर केली. एका अक्षराला आपल्या जागेसाठी सतरा वर्षे थांबावे लागले, ते कोणाच्या वैरामुळे नव्हे. त्या मेजाभोवती त्याची गरज सांगणारा कोणी वेळेवर बसला नव्हता, एवढेच.

तात्पर्य, नियम करणाऱ्या सभेने दोन गोष्टी पाळाव्यात. मत देणाऱ्याने हजर राहावे व आपल्या मताचे कारण सांगावे, ही पहिली. आणि जो कधीच हजर राहू शकणार नाही, तो प्राथमिक शाळेतील मुलगा, ती शिक्षिका, तो रंगारी, त्यांच्यासाठी सभेत एक आसन रिकामे ठेवून त्याच्याकडे वारंवार पाहावे, ही दुसरी. पहिली पाळली नाही तर नियम चुकीचा होतो; दुसरी पाळली नाही तर तो टिकत नाही.

आमच्या प्रवेशद्वारावर ‘सिध्दी’ अद्याप आहे. शेजारची दुसरीत जाणारी मुलगी आपला पत्ता वहीत लिहिताना तसेच लिहिते. ‘बाईंनी वेगळं सांगितलंय, पण आपल्या पाटीवर असंच आहे ना काका?’ असे तिने विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. नऊ जणांना दोष देण्याचा अधिकार आम्ही त्या संध्याकाळी घरी बसून गमावला होता. यंदाच्या सभेची सूचना पुन्हा दाराला लागली आहे. पाटी दुरुस्त करण्याचा विषय आम्ही लेखी कळविला आहे, आणि द आधी का, ध नंतर का, याचे कारणही सोबत जोडले आहे.