पाकिटावर नाव कुणाचं?



दिवाळी सरली, आता नाताळ तोंडावर आला. परवा गटाच्या बैठकीत फराळाचा हिशेब मांडत होतो, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "चकल्या आपण तळल्या, पण दुकानात पाहिलं तर पाकिटावर नाव दुकानदाराचं." त्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. म्हणून आज मी तुम्हाला दूरच्या एका गोड पदार्थाचा इतिहास सांगणार आहे. तोही 'नाव कुणाचं' याचाच इतिहास आहे.

हा पदार्थ जर्मनीचा. आपल्याकडे दिवाळीआधी घरोघरी सोऱ्या बाहेर निघतो, तशी तिकडे नाताळच्या आधी चार आठवडे बिस्किटं भाजायला सुरुवात होते. बदामाच्या चंद्रकोरी, दालचिनीच्या चांदण्या असे कितीतरी प्रकार करायचे, पत्र्याच्या डब्यांत भरायचे आणि आल्यागेल्यापुढे ठेवायचे. या सगळ्यांत जुना मान लेबकुखेनचा. लेबकुखेन म्हणजे मध आणि मसाले घातलेली जाड, मऊ बिस्किटं.

लेबकुखेनसाठी न्यूरेंबर्ग हे शहर प्रसिद्ध आहे. त्याला कारण आहे. शहराभोवती मोठं जंगल होतं आणि तिथे मधमाश्या पाळणाऱ्यांना सम्राटाने खास हक्क दिले होते. साखर दुर्मिळ होती तेव्हा गोडी या मधाचीच. शिवाय हे शहर व्यापारी रस्त्यांच्या नाक्यावर होतं. लवंग, दालचिनी, जायफळ, सुंठ, वेलची, मिरी असा पूर्वेकडचा माल व्हेनिसमार्गे तिथे पोहोचायचा. यातली मिरी आणि वेलची आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडची, मलबारची. तिकडे पूर्वी परदेशी मसाल्यांना सरसकट 'मिरी'च म्हणत, म्हणून या पदार्थाला 'मिऱ्यांचा केक' असंही नाव पडलं.

आता खरी गोष्ट ऐका. असा महाग माल कुणीही भाजून विकायचा नाही, असा तेव्हाचा कायदा होता. प्रत्येक धंद्याचा कारागीर संघ असायचा. १६४३ मध्ये न्यूरेंबर्गच्या लेबकुखेनवाल्यांचा स्वतंत्र संघ झाला. शिकाऊ पोरापासून उस्तादापर्यंतची वाट पुरुषांची. बायका भट्टीपाशी राबत, पण उस्ताद म्हणून नाव नवऱ्याचं. नवरा वारला तर विधवेला धंदा पुढे चालवता यायचा, तोही बहुतेक ठिकाणी अटी घालून. सगळ्यात भारी लेबकुखेनला मात्र एका मुलीचं नाव आहे, एलिझे. आजारी मुलीसाठी बापाने तो केला, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे नावात बाई आली, ती आजारी लेक म्हणून. भाजणारी म्हणून नाही!

मग हे भाजणं घरोघरच्या बायकांच्या हाती कसं आलं? १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफ नावाच्या शास्त्रज्ञाने बीटमधून साखर काढून दाखवली. पुढच्या शतकात बीटच्या साखरेचे कारखाने निघाले आणि साखर सामान्यांच्या आवाक्यात आली. त्याच काळात भट्टी जोडलेल्या लोखंडी शेगड्या घरात आल्या. पुढे १८९१ च्या सुमारास बीलेफेल्ड गावच्या ओटकर नावाच्या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडरच्या छोट्या पुड्या विकायला काढल्या. एक पुडी बरोबर अर्धा किलो पिठाची, त्यामुळे मोजमाप चुकायची भीती नाही. साखर, शेगडी आणि पुडी, या तिघांनी घरच्या बाईला नाताळच्या बिस्किटांची मालकीण केलं. मात्र तिचे कष्ट 'घरचं काम' म्हणून फुकटच राहिले. पुडीवर नाव ओटकरचं आणि डबे भरणारीचं नाव कुठेच नाही.

न्यूरेंबर्गने आपलं नाव मात्र सोडलं नाही. १९९६ पासून युरोपात कायदाच आहे की या शहराच्या हद्दीत केलेल्यालाच 'न्यूरेंबर्गचे लेबकुखेन' म्हणायचं. एलिझेच्या प्रकारात बदाम, अक्रोडासारखा सुकामेवा निदान चौथा हिस्सा हवा आणि पीठ दहा टक्क्यांहून जास्त चालत नाही. आपल्या कोल्हापुरी गुळाला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसंच हे. ते एका दुकानाच्या मालकीचं नसतं, सगळ्या गावाचं असतं.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, नाव आणि माप पक्कं धरलं तर साधं बिस्किटही शतकानुशतकं गावाला पोसतं. दुसरी, नाव धरणारे दार लावूनही घेतात. त्या संघाने बायकांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, तसं आपण करायचं नाही. गटाच्या नावात नव्या सुनेलाही जागा हवी आणि एकट्या राहणाऱ्या मावशीलाही.

बैठकीत आम्ही ठरवलंय. आधी अन्नसुरक्षेची नोंदणी करायची. मग भाजणीचं माप वहीत लिहायचं, म्हणजे कुणीही तळली तरी चकली तीच होईल. आणि पुढच्या दिवाळीला पाकिटावर गटाचं नाव, गावाचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापायचा. दुकानदाराने माल जरूर विकावा, पण आपल्या नावाने.

तुमच्या गटाच्या पाकिटावर कुणाचं नाव आहे, ते आज घरी जाऊन बघा. पुढच्या बैठकीत त्यावर बोला.