बेआर्झोट, एन्झो

बेआर्झोट, एन्झो : (२६ सप्टेंबर १९२७–२१ डिसेंबर २०१०). इटालियन फुटबॉलपटू व प्रशिक्षक. १९८२ साली स्पेनमध्ये भरलेली विश्वकरंडक स्पर्धा इटलीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली जिंकली. १९३४ व १९३८ च्या विजयांनंतर ४४ वर्षांनी इटलीला हा मान मिळाला. खेळाडू एकदा पारखून निवडला की त्याची पडती वेळ आली तरी त्याला सोडायचे नाही, ही त्यांची रीत होती. त्यांचे सर्वांत मोठे यश या रीतीतून आले आणि शेवटचे अपयशही.

त्यांचा जन्म ईशान्य इटलीच्या फ्रिउली प्रदेशातील आयेल्लो देल फ्रिउली येथे झाला. प्रो गोरित्सिया या जवळच्या क्लबकडून खेळायला सुरुवात करून १९४८ मध्ये ते मिलानच्या इंटर संघात गेले. पुढे तीन हंगाम सिसिलीतील कातानियाकडून खेळून १९५४ मध्ये ते तोरिनोत आले. मधला एक हंगाम पुन्हा इंटरमध्ये गेला, तो सोडल्यास १९६४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तोरिनोचेच राहिले. १९४९ च्या सुपेर्गा येथील विमान अपघातात तोरिनोचा अजिंक्य संघ नाहीसा झाला होता आणि क्लब त्या धक्क्यातून सावरला नव्हता. १९५९ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, वर्षभरात परत वर आला. मधल्या फळीत राहून प्रतिस्पर्ध्याची आक्रमणे मोडणे हे बेआर्झोट यांचे काम. राष्ट्रीय संघातून ते एकदाच खेळले : नोव्हेंबर १९५५ मध्ये बुडापेस्ट येथे हंगेरीविरुद्ध. त्यांच्यावर फेरेन्त्स पुश्काश यांना रोखण्याची कामगिरी होती. इटलीने तो सामना ०–२ असा गमावला.

निवृत्तीनंतर तोरिनोतच नेरेओ रोक्को यांच्या हाताखाली ते प्रशिक्षणाचे काम शिकले. प्रातो या खालच्या श्रेणीतील क्लबकडे एक हंगाम काढल्यावर ते इटालियन फुटबॉल महासंघाच्या सेवेत गेले. मोठ्या क्लबची सूत्रे त्यांनी कधीच हाती घेतली नाहीत. २३ वर्षांखालील संघ आणि फेरुच्चो वाल्कारेज्जी यांचे साहाय्यक अशा पायऱ्या चढत, १९७४ च्या विश्वकरंडकात इटली पहिल्याच फेरीत बाद झाल्यानंतर, १९७५ मध्ये ते फुल्व्हियो बेर्नार्दिनी यांच्या जोडीने राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९७७ पासून सारी जबाबदारी एकट्याची होती.

केवळ बचाव करून एखाद्या गोलावर सामना काढायचा, या इटालियन वळणातून संघाला बाहेर काढण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते. बचावफळीमागे मोकळा राहणारा खेळाडू त्यांनी कायम ठेवला. मात्र त्या जागेवर गाएतानो शिरेआ यांच्यासारखा चेंडू घेऊन स्वतः पुढे जाणारा खेळाडू असे. डावा बचावपटू अंतोनियो काब्रिनी आक्रमणात धावे, तर क्लाउदियो जेंतीले प्रतिस्पर्धी संघाच्या मुख्य खेळाडूला सावलीसारखे चिकटून राहत. १९७८ च्या अर्जेंटिना येथील स्पर्धेत हा खेळ प्रथम बहरला. वीस वर्षांच्या काब्रिनींना त्यांनी राष्ट्रीय संघात पहिली संधी थेट त्याच स्पर्धेत दिली. पुढे विश्वविजेत्या ठरलेल्या यजमानांना त्या स्पर्धेत हरवणारा इटली हा एकमेव संघ; तरी त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. १९८० मध्ये मायदेशी झालेल्या युरोपीय स्पर्धेतही चौथाच क्रमांक आला.

त्याच वर्षी सामने निश्चित करण्याच्या प्रकरणाने इटालियन फुटबॉल हादरले आणि आघाडीचे खेळाडू पाओलो रोस्सी यांच्यावर बंदी आली. आपण निर्दोष आहोत, असे रोस्सी शेवटपर्यंत सांगत राहिले. दोन वर्षांची बंदी एप्रिल १९८२ मध्ये संपली, तेव्हा हंगाम सरत आला होता आणि त्यांच्या वाट्याला युव्हेंटसचे जेमतेम तीन सामने आले. बेआर्झोट यांनी त्यांना तरीही संघात घेतले. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारे रोमाचे रोबेर्तो प्रुत्सो मात्र घरी राहिले. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. विगो येथील साखळीत पोलंड, पेरू व कॅमेरून या तिन्ही संघांशी बरोबरी झाली आणि केवळ कॅमेरूनपेक्षा एक गोल अधिक केल्यामुळे इटली पुढे गेली. रोस्सींच्या पायात जीव दिसत नव्हता. टीका खेळाडूंच्या खासगी आयुष्यापर्यंत गेली, तेव्हा संघाने पत्रकारांशी बोलणे बंद केले. फक्त चाळीस वर्षांचे कर्णधार व गोलरक्षक दिनो झोफ बोलत आणि तेही मोजकेच.

दुसऱ्या फेरीचे सामने बार्सिलोनाच्या सार्रिया मैदानावर होते. अर्जेंटिनाविरुद्ध जेंतीले यांनी मारादोनाला हलू दिले नाही आणि इटली २–१ अशी जिंकली. त्यांचा खेळ धसमुसळा होता, हेही नोंदवायला हवे. पुढच्या, ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात झीकोचा सदरा त्यांच्या ओढाताणीत फाटला. ५ जुलैच्या त्या सामन्यात उपांत्य फेरी गाठण्यासाठी ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. पाचव्या मिनिटाला काब्रिनींच्या पासवर रोस्सींनी डोक्याने गोल केला. सोक्रातेस यांनी बरोबरी साधली. ब्राझीलच्या बचावातला एक सैल पास हेरून रोस्सींनी दुसरा गोल केला, तर ६८ व्या मिनिटाला फाल्काव यांनी पुन्हा बरोबरी केली. बरोबरी पुरेशी असूनही ब्राझील पुढे चाल करतच राहिला. ७४ व्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गर्दीत रोस्सींचा तिसरा गोल झाला. अगदी अखेरीस ऑस्कारचा हेडर झोफ यांनी गोलरेषेवर दाबून धरला. विश्वकरंडकाच्या इतिहासात याहून उत्कंठेचे सामने फार थोडे सापडतील. उपांत्य सामन्यात पोलंडविरुद्धचे दोन्ही गोल रोस्सींचेच होते.

११ जुलै रोजी माद्रिदला पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात १८ वर्षांच्या जुझेप्पे बेर्गोमी यांना बेआर्झोट यांनी सुरुवातीपासून खेळवले. काब्रिनींनी पेनल्टी दवडली, पण उत्तरार्धात रोस्सी, तार्देल्ली व आल्तोबेल्ली यांच्या गोलांनी इटली ३–१ अशी विजयी झाली. निकाल हातात आल्यावर, अखेरच्या मिनिटांत, बेआर्झोट यांनी फ्रांको काउझियो यांना मैदानात उतरवले. ३३ वर्षांच्या या जुन्या सहकाऱ्याची डावपेचांसाठी तेव्हा गरज नव्हती. विश्वविजयाच्या क्षणी ते मैदानावर असावेत, एवढ्यासाठीच हा बदल होता. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तीनी व झोफ एका बाजूला, बेआर्झोट व काउझियो दुसऱ्या बाजूला, असा पत्त्यांचा डाव रंगला. मध्ये करंडक ठेवलेला आणि बेआर्झोट यांच्या तोंडात नेहमीचा पाइप, हे छायाचित्र इटलीत घरोघरी ओळखीचे आहे.

यानंतर उतरण लागली. १९८४ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत इटलीला एकच सामना जिंकता आला, तोही सायप्रसविरुद्ध. १९८६ च्या मेक्सिकोतील स्पर्धेसाठी त्यांनी स्पेनमधील विजेत्या संघातले अनेक खेळाडू सोबत घेतले. त्यांचा भर ओसरला होता. उपउपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने २–० असे हरवल्यावर बेआर्झोट यांनी पद सोडले आणि आझेल्यो विचीनी त्यांच्या जागी आले. इटलीच्या संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली एकूण १०४ सामने खेळले. इटलीच्या दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर इतके सामने नाहीत.

२००२ ते २००५ या काळात ते महासंघाच्या तांत्रिक विभागाचे अध्यक्ष होते. मिलान येथे त्यांचे निधन झाले. २०११ पासून त्यांच्या नावाने वर्षातील उत्कृष्ट इटालियन प्रशिक्षकाला पुरस्कार दिला जातो.