दोन तुकड्या आणि साडेतीन तास

लढायांचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष स्वाभाविकपणेंच शस्त्रें, सैन्यसंख्या आणि सेनापतींचें धैर्य यांकडे जातें. घड्याळाकडे फारसें कोणी पाहत नाहीं. परंतु आकाशांतील युद्धांत वेळेचें गणित चुकलें तर धैर्यहि कसें अपुरें पडतें, हें १७ ऑगस्ट १९४३ या दिवसानें दाखवून दिलें. त्याचीच हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या दिवशीं इंग्लंडांतील अमेरिकन आठव्या वायुसेनेनें जर्मनींतील दोन शहरांवर हल्ला योजिला होता. रेगेन्सबुर्ग येथें मेसरश्मिट विमानांचा कारखाना होता व श्वाइनफुर्ट येथें बॉल-बेअरिंगचे कारखाने होते. अडचण अशी कीं, सोबतच्या संरक्षक विमानांना अपुऱ्या इंधनामुळें जर्मन सरहद्दीच्या आसपासूनच परतावें लागे. म्हणून युक्ति योजिली ती अशी: कर्नल कर्टिस लेमे यांचीं १४६ बाँबफेकी विमानें पुढें जाऊन शत्रूला अंगावर घेतील आणि मागें न फिरतां, आल्प्स ओलांडून उत्तर आफ्रिकेंत उतरतील. थोड्याच मिनिटांच्या अंतरानें २३० विमानें श्वाइनफुर्टकडे जातील. तोंवर शत्रूचीं विमानें पहिल्या तुकडीशीं झुंजून इंधनासाठीं खालीं उतरूं लागलेलीं असतील.

पहाटे इंग्लंडवर दाट धुकें पसरलें. लेमे यांनीं आपल्या वैमानिकांकडून केवळ उपकरणांच्या आधारें उड्डाण करण्याचा सराव करून घेतला होता. शिवाय अंधारापूर्वीं आफ्रिका गांठावयाची असल्यानें त्यांना फार थांबणें शक्यच नव्हतें. सुमारें दीड तास वाट पाहून त्यांना सोडण्यांत आलें. दुसरी तुकडी मात्र धुक्यांत अडकली. पुढें धुकें विरल्यावरहि, संरक्षक विमानांना परत येऊन दुसऱ्या फेरीस सिद्ध होतां यावें म्हणून तिला आणखी थांबविलें. कांहीं मिनिटांचें अंतर अशा रीतीनें सुमारें साडेतीन तासांवर गेलें.

जो अवधि संरक्षकांना मिळाला, तोच शत्रूलाहि मिळाला. जर्मन वैमानिक खालीं उतरले, इंधन व दारूगोळा भरून पुन्हां वर आले आणि दुसऱ्या तुकडीवर तुटून पडले. पहिल्या तुकडीचीं २४ व दुसरीचीं ३६, अशीं एकूण ६० विमानें त्या एका दिवसांत नाहींशीं झालीं. प्रत्येक विमानांत दहा माणसें असत. कारखान्यांची हानि झाली खरी; पण बॉल-बेअरिंगचें उत्पादन बंद पडलें नाहीं. १४ ऑक्टोबरला श्वाइनफुर्टवर पुन्हां जावें लागलें आणि पुन्हां ६० विमानें गेलीं.

दोष कोणाचा, असें वाचक विचारतील. हवामानामुळें मोहीम आधींच लांबली होती. ती पुन्हां रद्द करणें अधिकाऱ्यांच्या जिवावर आलें असेल, हें आम्हांस समजतें. प्रत्येक फेरबदलास स्वतंत्रपणें पाहिलें तर सबळ कारणहि होतें. तथापि योजनेचें सारें बळ दोन तुकड्यांमधील अंतरांत होतें. तें अंतर गेल्यावर वेळापत्रक बदललें असें नव्हे, तर मूळ योजनाच संपली होती. आणि नवी योजना केल्यावांचून माणसें मात्र जुन्याच योजनेवर धाडलीं गेलीं. वेळापत्रकांत दुरुस्ती करतांना, तें कशासाठीं आंखलें होतें हें आधीं आठवावें, एवढें तरी आपण त्या माणसांचें देणें लागतों.